उजवी खिडकी

कोरीनच्या पत्राला हॉलिस प्रुइटनं तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मामाला धड बोलता येत नाही हे ठाऊक असल्यामुळे भाचीनं पत्रच लिहिलं होतं. "कोर्टानं मनाई केली तरी डेल येतोच. सिग्नलला, पेट्रोलपंपावर. मेबलशी बोलायचंय म्हणतो आणि गाडीशी येऊन उभा राहतो. परवा हातात पाना होता. सगळे म्हणतात, गाडीत पिस्तूल ठेव. कुठलं ठेवू? तुम्ही वाचून सांगा, मामा. तुम्ही सांगाल तेच घेईन."

शाळेचं ग्रंथालय सांभाळण्यात ज्याचा जन्म गेला, तो हॉलिस वाचत बसला. नळीची लांबी, वजन, गोळ्या किती. एक वही भरली. तरी खात्री होईना. शेवटी शनिवारी सकाळी तो लबक शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बंदुकांच्या दुकानात गेला.

दुकानाच्या मधोमध जुन्या पिकअपचं पुढचं सलग लांब सीट फळ्यांवर ठोकून बसवलं होतं. डावीकडे स्टिअरिंग होतं, पट्टे होते. सीटच्या मधल्या जागेत लहान मुलांची खुर्ची, आणि तिच्यात पट्ट्यानं बांधलेली बाहुली.

"प्रुइट सर, तुम्ही?" गल्ल्यामागचा रॉइस एके काळी त्याच्या शाळेत होता. "या की. इथे आवाज केला तरी चालतो बरं."

कॉफी पीत बसलेलं एक जाडं गिऱ्हाईक हसलं. "सरांना जाडजूड शब्दकोश दे एखादा. मारायला तोच बरा."

हॉलिसनं खाली बघत सांगितलं, भाचीसाठी हवंय. तिची गाडी अशीच, एकाच सलग सीटची. तिची चार वर्षांची मेबल मध्ये बसते.

"मग बसा." रॉइसनं त्याच्या कमरेला कातडी म्यान अडकवलं, त्यात सरावाचं निळं प्लास्टिकचं पिस्तूल खोचलं, वरून पट्टा लावला. "डाव्या खिडकीत माणूस आलाय. काढा."

पहिल्यांदा ते पट्ट्यात अडकलं. दुसऱ्यांदा कोपर स्टिअरिंगवर आपटलं. तिसऱ्यांदा अलगद बाहेर आलं आणि हातात छान बसलं. हॉलिसला ते आवडलं, आणि आवडल्याची लाज वाटली.

"तो उजव्या खिडकीशी येतो," तो म्हणाला.

"कोण?"

"मुलीचा बाप. तिच्याशी बोलायला."

"बरं. मग उजवीकडे."

हॉलिसनं हात वळवला. नळी बाहुलीच्या कपाळाला लागली.

"पोरगी गेली," जाडा म्हणाला.

रॉइसनं आखूड नळीचं दिलं. मग त्याहून आखूड. हॉलिस मागे रेलला, हात उंच केला, छातीशी घेतला. बाहुली मध्ये येतच राहिली.

"परत गेली. सर, घर रिकामं कराल अशानं."

"यातलं एखादं असं आहे का," हॉलिसनं विचारलं, "की ती मध्ये येणार नाही?"

"सवयीनं जमतं हो. सुरुवातीला हिच्यामुळेच गोंधळ होतो." रॉइसनं पट्टा सोडला, बाहुली एका पायाला धरून उपसली आणि गल्ल्यावर डोनटच्या खोक्याशेजारी टाकली. "आता काढा."

हॉलिसनं काढलं. रिकाम्या खुर्चीवरून नळी सरळ खिडकीवर गेली.

"झकास! भाचीला हेच द्या."

जाड्यानं मांडीवर थाप मारली. बाहुलीचा झगा तोंडावर आला होता. तो कुणी खाली ओढला नाही. रॉइसनं खोक्यातला एक डोनट उचलला, बोटावरची साखर चाटली.

हॉलिसला त्या दोघांची किळस येत होती, पण त्याची स्वतःची वही घरी टेबलावर पडली होती आणि तिच्यातल्या एकाही पानावर मेबल नव्हती.

त्याला पट्ट्याचं बटण सापडेना. रॉइसनंच ते दाबलं.

"बांधून देऊ?"

"नको."

"मग घरी जाऊन नीट विचार करा, सर."

"इतके दिवस तेच केलं," हॉलिस म्हणाला.

दुकानातून तो थेट पोस्टात गेला. तिथल्या, साखळीनं बांधलेल्या पेनानं त्यानं उभ्याउभ्याच लिहिलं.

"कोरीन, मला काही निवडता आलं नाही. गुरुवारी सकाळच्या बसनं येतो. जिथं जिथं जायचं असेल तिथं मी बरोबर असेन. तू चालव. मेबलला मध्ये बसव. उजव्या खिडकीशी मी बसेन. मला भीती वाटते, हे तिला सांगू नकोस."

शेवटची ओळ खोडावी का, यात त्याचा थोडा वेळ गेला. मग त्यानं ती तशीच ठेवली, पाकीट पेटीत टाकलं आणि झाकण पुन्हा उघडून पाहिलं. पडलं होतं.