पाठीवरची अक्षरं

कल्पना करा, मुलांनो, तुम्ही मोटारसायकलवर बाबांच्या मागे बसला आहात. नुकतीच वाचायला शिकलेली केतकी अशीच बसली होती. वाटेतली पाटी वाचून तिने ती बाबांच्या पाठीवर बोटाने लिहायची आणि बाबांनी ओळखायची, असा त्यांचा खेळ चालला होता.

रात्री ओसाड घाटात एका खाकी वर्दीवाल्याने हात करून त्यांना थांबवलं.

“चावी दे,” तो म्हणाला.

“देतो साहेब, पोरगी सोबत आहे,” बाबा म्हणाले.

गाडीच्या दिव्यात केतकीने त्याच्या छातीवरची नावाची पट्टी मनात वाचली. ‘मंदाकिनी घोलप.’ त्याला तर दाट मिशा होत्या. मग या वर्दीतली बाई कुठे होती?

बाबांचा हात चावीकडे गेला. केतकीने त्यांच्या पाठीवर घाईघाईने दोनच अक्षरं गिरवली: पळा.