राखणीचं गवत

शहरातलं पाणी संपलं आणि माळावरच्या वाडीची माणसं कित्येक वर्षांनी परतली. वाडीभोवतीचं राखणीचं गवत मात्र त्यांना विसरलं होतं. अनोळखी घामाचा वास आला की त्याची पाती विष सोडत. ओळखीच्या हातात हात असला तरच ते वाट देई. म्हणून वाडीत एकटी उरलेली सोजरबाई एकेकाचा हात धरून त्याला आत आणत होती.

ऊन उतरेपर्यंत सगळे आत आले. पलीकडे तिचा दीर हरिबा तेवढा राहिला. त्यानेच घरोघर फिरून सगळ्यांना शहरात नेलं होतं.

"वैनी, दमलासा व्हय? माझा एकट्याचाच हात ऱ्हायलाय."

सोजरबाईने दोन्ही हात पदराला पुसले.

"तुमचा भाऊ गेला तवा तिरडीला खांदा द्यायला वाडीत कोण नव्हतं, भावजी. म्या हातगाड्यावर वढत नेलं त्यास्नी."

"मला कळवायचं तरी."

"कळवलं हुतं."

सोजरबाईने मागे जमलेल्या माणसांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

"आता खांदेकरी लई हायत वाडीत. या तुमी खुशाल."