मनाला येतील तेवढे

टेम्पो चार वाजता येणार होता. त्याआधी खुर्ची स्वच्छ करून ठेवावी म्हणून सलूनवाला ओल्या फडक्यानं तिचे हात घासत होता. विकलेली वस्तू ती, आता चकाकली काय आणि गंजली काय. पण सवय कुठली जायला! बायकोनं आरसा उतरवून जुन्या चादरीत गुंडाळला होता आणि आता ती स्टुलावर चढून भिंतीवरची पाटी काढत होती. 'पैसे मनाला येतील तेवढे द्या.'

"ही टाका आधी भंगारात," ती म्हणाली. "हिनंच धुऊन काढलं आपल्याला."

तो खुर्ची घासतच राहिला. सोमवारपासून मेहुण्याच्या गोदामावर पहारा करायचा होता. जन्मभर कात्री चालवलेल्या हातांत आता शिट्टी आणि काठी. पाटी लावली तेव्हा काय कौतुक झालं होतं! गाडीतून येणारे तिच्यासोबत फोटो काढायचे, 'मानलं बुवा तुम्हाला' म्हणायचे आणि पैशांच्या डब्यात चहापुरती चिल्लर टाकून चालू पडायचे. पोरं तर खुशाल रिकामी मूठ डब्यावर झटकायची. आणि ज्यांनी यावं असं त्याला मनापासून वाटत होतं, त्यांनी तोंडच दाखवलं नाही.

तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून कंपाउंडर काका खाली मान घालून जाताना दिसले. दवाखान्यातली नोकरी सुटून जमाना झाला, तरी सगळी गल्ली त्यांना कंपाउंडरच म्हणायची. त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि पाटी लागल्यापासून गायब. सलूनवाल्याची नजर गेली ती थेट त्यांच्या मानेवर. शी! कानामागे झुलपं तशीच, मागची रेघ तिरकी. कुण्या शिकाऊनं उरकलेलं काम.

"काका! ओ काका! इकडे या जरा."

काका चपापले. चोरी पकडल्यासारखा चेहरा करून रस्ता ओलांडून आले. यानं त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि पिशवीत भरलेली कात्री परत बाहेर काढली.

"माझं काही चुकलं का, काका? दुसरीकडे जाता ते?"

काकांनी चष्मा काढून कापडाखाली मांडीवर ठेवला.

"तुझं कसलं चुकतंय," मग ते म्हणाले. "पण पाटी लावलीस आणि माझी पंचाईत करून ठेवलीस बघ. तुला चांगले भरपूर द्यावेत असं वाटायचं, आणि खिशात तर नसायचे. कमी टाकून तुझ्या तोंडाकडे बघू कसा? तिकडे भिंतीवर दर लिहिलाय. तेवढे ठेवले की कुणाचे उपकार नाहीत. भादरतो लेकाचा, पण माणूस ताठ मानेनं बाहेर पडतो."

बायको पाटी हातात धरून तशीच उभी राहिली. "अहो काका, ही पाटी तुमच्यासाठीच तर..."

"तू जरा ते फडकं दे," सलूनवाला घाईनं म्हणाला. एकदा पैसे देताना काका पाकिटाचे सगळे कप्पे चाचपत राहिले होते, ते बघूनच तर त्यानं ही पाटी रंगवून घेतली होती.

त्यानं मागची रेघ सरळ केली, कानामागचे केस हळूहळू उतरवले. इतक्या जपून त्यानं कधी कुणाचे कापले नसतील.

"आरसा कुठाय रे?" काकांनी विचारलं.

"पुसायला काढलाय."

काकांनी मानेवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला. मग पाकीट काढून भीत भीतच म्हणाले, "किती झाले?"

"चाळीस."

काकांनी चाळीस त्याच्या तळहातावर ठेवले. "पाटी काढलीस, फार बरं केलंस. आता दर महिन्याला इथंच येणार बघ." आणि खरोखरच ताठ मानेनं निघून गेले.

कोपऱ्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"दुकान बंद झालं म्हणून सांगितलं का नाही त्यांना?" बायकोनं विचारलं.

तो खुर्चीवरचे पांढरे केस झटकत होता.

"पुढच्या महिन्यात येतील ना," तो म्हणाला, "तेव्हा कळेलच."