टोपलीखालचं पीठ

रुख्माबाईला जाग आली तेव्हा ती माजघरात उघड्या जमिनीवर पडली होती. अंगाखालची वाकळ कुणीतरी काढून नेली होती. ताप मात्र पार उतरला होता, अंग कसं हलकं हलकं वाटत होतं. सेलूच्या डॉक्टरला आणायला नवऱ्यानं, नत्थूजींनी, बंडी जुंपली, इथवरचं तिला आठवत होतं. म्हणजे औषध लागू पडलं म्हणायचं!

"वाकळ धुवायले नेली असन," पुटपुटत ती उठली.

शेजारीच दिवा जळत होता. भर दिवसा! त्याच्याजवळ टोपली पालथी घातलेली. तिनं कड उचलून पाहिलं. खाली पितळी ताट, ताटात ज्वारीचं चाळलेलं पीठ, हातानं सारखं केलेलं.

रुख्माबाईनं टोपली पुन्हा तशीच झाकली. हे पीठ कशासाठी ठेवतात ते हिंगणीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस जिथं गेलं तिथं दिवा लावायचा, पीठ झाकून ठेवायचं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला टोपली उचलून पाहायचं, पिठात काय उमटलं ते. पाखराचा पाय दिसला तर पाखराचा जन्म, मुंगीची वाट दिसली तर मुंगीचा.

म्हणजे म्हातारी गेली. तिची सासू शकुबाई. आज जाते की उद्या, असं वर्षभर चाललेलंच होतं. रुख्माबाईनं मागच्या खोलीत डोकावलं. बाज रिकामी. ती खोली एवढीशी, चार माणसं मावायची नाहीत. शेवटी माजघरात आणलं असेल.

"अन् मले कोणी उठवलं नाई!" तिला रडूच आलं. सासू खाष्ट होती खरी, पण तीस वर्षं एका चुलीवर काढली होती दोघींनी.

चूल थंडगार होती. दुरडीत शेजारणींनी आणून दिलेल्या भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. वाडग्यातल्या पिठल्याचा गोळा झाला होता. कुणी शिवलंही नव्हतं.

ओसरीवर बोलणं चाललं होतं. तिनं दाराआडून पाहिलं. नत्थूजी खांबाला टेकून बसले होते. डोकं, मिशी उतरवलेली. समोर चुलतभाऊ रूपराव.

"दादा, तीन दिस झाले. दोन घास तरी खाऊन घ्या."

"घशाखाली उतरत नाई रे. तिनं म्हटल्याबिगर मी कधी जेवलो का?"

आईचं लेकरू ते आईचं लेकरूच! रुख्माबाईला जरा रागच आला. तीस वर्षं ताट वाढलं हिनं, अन् आठवण कोणाची? पण राग टिकला नाही. या माणसाला उपास सोसत नसे. दोन वर्षांमागं असंच रुसून उपाशी राहिले तर रक्ताची उलटी झाली होती. आज तर तिसरा दिवस. आता पोटात काही गेलं नाही तर हेही जातील, एवढं तिला स्पष्ट दिसत होतं.

तिनं पदर खोचला.

शिळ्या भाकरीचे वडे नत्थूजींच्या जिवाचे. रेशनच्या दिवसांत शिकलेली विद्या. रेशन उठलं तरी रुख्माबाईनं सोडली नव्हती. तिच्या घरात शितही वाया जात नसे, गाव हसे त्यावरून. तिनं भाकरी कुस्करल्या, ताकात भिजवल्या, पिठलं मोडून घातलं. लसूण-मिरची ठेचली, चिमूटभर ओवा टाकला. पण गोळा वळेना, फार सैल झाला. पिठाचा डबा पाहिला तर रिकामा. जे होतं ते सारं ताटात.

ती टोपलीपाशी गेली. हात जोडले.

"आत्याबाई, माफ करजा. पण तुमचाच लेक उपाशी हाय. मुंगीचे पाय पाह्यण्यापायी कोणी एवढं पीठ वाया घालवते का?"

आणि ताट रिकामं केलं. सवयीनं पुसून पुन्हा टोपलीखाली ठेवलं.

सुतकात कढई चढवत नाहीत, म्हणून तिनं तवाच घेतला. काडी दिव्यावर धरली, चूल पेटली. जवसाच्या तेलावर वडे चरचरले आणि वास थेट ओसरीवर गेला.

नवऱ्याला नावानं हाक मारायची रीत नव्हती. रोजच्यासारखी तिनं दाराची कडी दोनदा वाजवली.

खांबाला टेकलेले नत्थूजी ताठ बसले.

"वारा असन, दादा," रूपराव म्हणाला. पण दाराकडे पाहत मागं सरकला.

"अन् हा वास?"

नत्थूजी आत आले. ती पदर सावरून दाराआड झाली. त्यांनी पेटलेल्या चुलीकडे पाहिलं, वड्यांकडे पाहिलं आणि तिथंच बसले. एक वडा मोडला. तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खात होते. दुसरा घेतला, मग तिसरा. रुख्माबाईचा जीव भांड्यात पडला. रूपराव उंबऱ्याबाहेरच उभा होता, आत यायला तयार नव्हता.

बाहेर अंधारून आलं, तेवढ्यात अंगणात काठी वाजली.

"दिवेलागण झाली रे. उचला टोपली."

तो आवाज ऐकून रुख्माबाई गर्रकन वळली. रूपरावच्या बायकोचा हात धरून शकुबाई उंबरा ओलांडत होती. शेजारच्या रूपरावच्या घरून आल्यासारखी, चांगली काठी टेकत टेकत! आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. रुख्माबाई भिंतीला चिकटली.

शकुबाईनं टोपली बाजूला सारली. लख्ख पुसलेल्या ताटावरून हात फिरवला. लेकाच्या हातातला वडा पाहिला. मग दाराआड नजर लावून हळूच म्हणाली,

"पीठ वाया जाऊ देन थे माही सून कशाची! जाय आता, रुख्मा. जेवला तो."