गटारीची अळंबी

“कुत्र्याची छत्री तर न्हाय ना गो, बाय?” टोपलीत बोट न घालताच केसरीनाथने विचारलं.

“खायची अळंबी हाय, दादूस. आमच्या डोंगराची.” राहीबाईने पदराने कपाळ पुसलं. “उद्यापासून श्रावण. म्हटलं, गटारीला भावाच्या ताटात पडूदे.”

केसरीनाथ अळंबी ओळखत नव्हता. बहिणीला ओळखत होता, म्हणून घाबरला. गेल्या भाऊबिजेला तिने ओवाळलं आणि ओवाळणी त्यानेच मागून घेतली: बापाच्या मानकोलीच्या जमिनीवर हक्कसोडीची सही. आता तिथे त्याचं गोडाऊन उभं होतं. तेव्हापासून तोंड न दाखवलेली राहीबाई आज आली होती, आणि वर हसत होती.

तेव्हा चौकशी रीतसर झाली. अळंबीबरोबर लसूण उकळला. काळा पडला नाही. बायकोचं चांदीचं पैंजण बुडवलं; ते उलट उजळून निघालं. थोडे तुकडे कोंबड्याला घातले. त्याने ते मजेत टिपले. गटारीच्या दिवशी कोंबड्याला विषाची भीती ती काय!

“आता तू खा,” केसरीनाथ म्हणाला.

“बहिणीवर एवढा भरोसा?” म्हणत राहीबाईने तांदळाच्या भाकरीबरोबर वाटीभर कालवण संपवलं आणि वाटी बोटाने पुसून घेतली. केसरीनाथ तिच्याकडे टक लावून बसला. त्याच्या बायकोची, कमळची, भांडी घासून झाली तरी नणंदेच्या गप्पा संपेनात.

मग मात्र त्याने टोपच पुढ्यात ओढला. “मटण झक मारतं हिच्यापुढं!” असा निकाल दिला, आणि ओटीवर जमलेल्या भाऊबंदांबरोबर बाटली उघडली.

दुसऱ्या ग्लासाला त्याचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं. छातीत यंत्रमागाचा लूम धडधडू लागला. मग तो भडाभडा ओकला.

“विष घातलंस ना गो!”

“मी बी तेच खाल्लं, दादूस. मला काय झालंय?”

भाऊबंदांनी माना डोलावल्या. “मंग आयच कोपली,” चुलता तुळशीराम म्हणाला. “बहिणीचा वाटा गिळलास. तो पण ओक आता, जायच्या आधी.”

केसरीनाथने कार्ल्याच्या डोंगराच्या दिशेला हात जोडले. “एकवीरा आयची आण! मानकोलीची अर्धी जागा राहीची, गोडाऊनसकट. सगळे साक्षीदार!”

कागदावरची सही वकील फिरवू शकतो. भाऊबंदांदेखत घेतलेली आयची आण फिरवणारा वकील अजून भिवंडीत जन्मला नव्हता.

दिवेलागणीला छाती शांत झाली. केसरीनाथ जिवंत होता, आणि आता हीच त्याची अडचण होती.

राहीबाई निघताना त्याच्या कानाशी वाकली.

“अळंबी चांगलीच हाय, दादूस. तिच्यावर दारू चालत न्हाय, एवढंच. तुझ्या दाजीची बाटली मी अशीच सोडवली.”