डिझाईनमध्ये न बसलेला फोटो

नव्याण्णव साली नगर एमआयडीसीतल्या त्या कंपनीनं नाव बदललं, लोगो बदलला, म्हणून कार्यक्रमांची वेबसाईटही नव्यानं करून घेतली. पुण्याहून आलेल्या प्रवीणनं ती कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. खंडेनवमीची मशीनपूजा, क्रिकेटचे सामने, कामगारांची सहल. मॅनेजर मुथासाहेब खूश होऊन बघत होते. मधेच थांबले.

"चौदा एप्रिलच्या जयंतीचा फोटो कुठंय? जुन्या साईटवर तर होता."

"सर, तो नव्या डिझाईनमध्ये... बसत नव्हता."

"काढायला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.

साहेबांनी पेंट शॉपमधून रखमाजींना बोलावून घेतलं. कंपनीतल्या जयंतीला दरवर्षी पुढं तेच असायचे. त्या फोटोत बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालत होते, तेही तेच.

"रखमाजी, ह्यांनी तुमचा फोटोच काढून टाकलाय. सांगा जरा ह्यांना."

चिंधीला हात पुसत रखमाजींनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग प्रवीणकडे.

"जाऊ द्या साहेब. पुण्याचे हायेत ते. त्यान्ला काय म्हायती आमची जयंती."

एवढं बोलून ते कामावर परत गेले. साहेब पुढं काहीतरी सांगत राहिले, पण प्रवीणची मान वर होईना.

सकाळी रखमाजींच्या लुनावरून गेटच्या बरंच अलीकडे उतरताना त्यानंच बजावलं होतं, "बाबा, आत मला ओळख दाखवू नका."