फोन वाजेना

दुपार झाली तरी फोन वाजला नाही, तेव्हा सुलाबाईंनी पुन्हा एकदा रिसीव्हर उचलून कानाला लावला. गुंऽऽ आवाज येत होता. लाइन धडधाकट होती.

"सारखं काय बघताय बाई?" समोरच्या खुर्चीतले साहेब म्हणाले. "फोन बिघडलेला नाही. त्याला काम नाही, एवढंच."

सुलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. काम नाही म्हणे! नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्या सांगलीतल्या या माडीवर फोनपाशी बसत होत्या. सोबतीला फौजेतून परतलेला हवालदार नाथाजी. जिवाला कंटाळलेल्या माणसानं काही बरंवाईट करायच्या आधी इथं फोन करावा, आणि यांनी त्याचं ऐकून घ्यावं. एरवी रिसीव्हर खाली ठेवायची उसंत मिळत नसे. वाईपासून म्हसवडपर्यंतची माणसं पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायची. एक बोलत असला की बाकीचे ताटकळायचे.

कुपवाडच्या कारखान्यातला भाऊसो असाच ताटकळला. दिवसभर फोन लावत होता आणि दिवसभर लाइन एंगेज होती. संध्याकाळी त्याला विहिरीतून काढला. त्याची बायको बनाबाई माडीवर आली, फोनकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आनखी येक आसता तर?"

सुलाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला घेतले. एक नाही, आणखी तीन लाइनी द्या. साऱ्या राज्यातून कुणालाही फोन लागला पाहिजे. कुणी म्हणालं तारा नाहीत, कुणी म्हणालं माणसं नाहीत. एकानं तर, "वेड्यांना फोन कशाला?" म्हणून दात काढले. मेल्याच्या घरी असं कुणी असतं म्हणजे कळलं असतं!

शेवटी टेलिफोन खात्यानं ठरवलं. पुण्याहून एक साहेब येतील, दिवसभर तिथं बसतील, फोन येतात की नाही ते डोळ्यांनी बघतील. गरज दिसली तर तीन लाइनी. नाही दिसली तर आहे तीही काढून घ्यायची.

"बाई, फोन करनाऱ्या हरेकाला सांगून ठिऊ," नाथाजीनं सुचवलं होतं. "सोमवारी झाडून समद्यांनी फोन करा म्हनावं."

"दुःखाची जत्रा भरवायचीय काय रे?" सुलाबाई कडाडल्या होत्या. "खरं तेवढंच सांगायचं. सोमवारी पुण्याचे एक साहेब आपल्याकडं येणार, दिवसभर बसणार. बास."

मग आठवडाभर दोघांनी येईल त्या फोनवर तेवढंच सांगितलं. म्हसवडची राहीबाई तर ऐकून हळहळली होती. "आगं बया! येवढ्या लांबनं?"

आणि आज सोमवार उजाडला, तर सगळ्यांची दातखीळ बसलेली! सून वाकडं बोलली तरी पोस्टात धावणारी राहीबाई आज कुठं उलथली? रोज सकाळी ज्याला धीर द्यावा लागतो तो तिच्याच गावचा आकाराम कुठं गेला? ज्यांच्यासाठी एवढी वणवण केली, त्यांनीच नेमका आज घात करावा? सुलाबाईंना साहेबांपेक्षा त्या सगळ्यांचाच संताप आला. मग आकारामच्या काळजीनं त्यांनी आणखी एकदा रिसीव्हर उचलून बघितला.

"बाई, ही सगळी परदेशी थेरं," साहेब जांभई देत म्हणाले. "आपल्याकडं माणूस पारावर बसून शेजाऱ्याशी बोलतो. ते फोन तुम्हाला वाटतात तेवढे येत नसणार."

"भाऊसोच्या बायकोला सांगा जाऊन! येता का कुपवाडला? मी नेते तुम्हाला!"

"भावना बाजूला ठेवा."

"ठेवते की! तुमच्या फायलीत जागा आहे का त्यांना?"

नाथाजीनं बाईंना खुणेनं आवरलं. पण त्याच्याही मिशा थरथरत होत्या. फौजेत त्यानं पुष्कळ साहेब पाहिले होते, पण असा बघितला नव्हता.

उन्हं कलली. साहेबांनी बॅग आवरली. "मी लिहिणार ते तुम्हाला ठाऊकच आहे. ही लाइन एखाद्या व्यापाऱ्याला दिलेली बरी. लोक वर्षानुवर्षं फोनसाठी नंबर लावून बसलेत."

सुलाबाई खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नाथाजी साहेबांचे बूट दाराशी सरकवायला म्हणून वाकला. तो सरकवण्यापेक्षा फेकण्याच्याच बेतात होता.

तेवढ्यात फोन वाजला.

सुलाबाई वळेपर्यंत साहेबांनीच रिसीव्हर उचलला. "बघू तरी," ते हसून म्हणाले, "राँग नंबरच असणार. हॅलो!"

खेड्यावरनं बोलणारी माणसं तारेवर विसंबत नाहीत, ओरडूनच बोलतात. राहीबाईचा आवाज खोलीभर घुमला.

"नाथाजी व्हय? म्या राही, म्हसवडची. आता ऱ्हावलं न्हाई म्हून इचारते. त्यो पुन्याचा सायेब मोकळा झाला का? फोनवर भागंना म्हून बिचारा सोता उठून आला, म्हंजी जिवावरच बेतलं आसंल त्येच्या. आमी समद्यांनी ठरवलं, आज कुनीबी फोन करायचा न्हाई, बाईस्नी दिसभर त्येचंच ऐकू द्या. पोस्टापोस्टात सांगावा धाडला. आकाराम सकाळधरनं लय तळमळतुया, त्येला आमी धरून बसलोय, पर त्यो बी म्हनतुया, आदी सायेब. आवं, बोला की! जगंल न्हवं त्यो?"